दीड वेढा

या शर्यतीतलं मी फारसं पाहिलेलं नाही.
मी खाली असते, डेकच्या पोटात,
जिथे ओलं शीड, डिझेल आणि कुणाच्या तरी उलटीचा वास
एकमेकांना धरून राहतात.
वर एकवीस जण. मी बाविसावी.

पण पावलं ओळखते.
बोटीच्या नाळेकडे धावतो तो टर्लो, टाच टेकवत नाही.
मधोमध घुमतं ते फालेओलो आणि इंग्वे,
समोरासमोर, विंचच्या दांड्यांवर हात,
जात्यावर बसल्यासारखे.
दळण म्हणजे दोर, पीठ म्हणजे वेग,
ओवीच्या जागी शिव्या.
सुकाणूपाशी आवाज नाही
म्हणजे तिथे पायबस उभी आहे.
ती ओरडली की समजावं, सगळं ठीक आहे.
ती हळू बोलली
की मी लाइफजॅकेटचा पट्टा आवळते.

माझं काम सांगते.
दोन टेनिस कोर्टांएवढं फुग्याचं शीड,
त्याची वळकटी करून
हातहात अंतरावर लोकरीनं बांधायची.
लोकर बॉथवेलच्या मेर्ल मावशीची, वांगी रंगाची.
नवऱ्याला स्वेटर विणत होती. नवरा गेला, बाह्या राहिल्या.
धागा असा हवा :
शीड चढेपर्यंत धरून ठेवेल
आणि दोर खेचला की तटातट सोडून देईल.
गाठी मारणारे जगात पुष्कळ.
वेळेला तुटेल अशी गाठ मारायला
मला तीन हंगाम लागले.

आणि तरीही त्या रात्री, सामुद्रधुनीत,
घोट्यापर्यंत पाणी, बोटं बधिर,
मधल्या गाठीला मी तीन वेढे दिले.
काळजीनं, असं म्हटलं असतं.
भीतीनं दिले.

शीड वर गेलं. खालून धागे तुटत गेले,
मी अंधारात मोजत होते,
अकरा, बारा, तेरा
आणि मग काहीच नाही.
वर चांदण्यात, हे मला नंतर कळलं,
कंबर आवळलेली एक अवाढव्य बाई उभी होती.
वर फुगलेली, खाली फुगलेली,
मध्ये माझी गाठ.
टर्लोला डोलकाठीवर चढवलं. नऊ मिनिटं.
तेवढ्यात दोन दिवे आमच्या पुढे निघून गेले.
कुणी म्हणालं, कापडच जुनं.
कुणी म्हणालं, वारा फसवा.
खाली कोण बघायला येतंय?

शिडीवरून डोकं बाहेर काढलं.
"ती गाठ माझी. तीन वेढे."
पायबसनं होकायंत्रावरची नजर काढली नाही.
"किती हवे होते?"
"दीड."
"मग दीड दे. पुढचं शीड भर."

एवढंच.
टर्लोचा तळवा दोरानं सोललेला.
त्यानं तोच उघडला,
कापलेला वांगी धागा माझ्या कानामागे खोचला
आणि नाळेकडे गेला, टाच न टेकवता.

पहाटे डरवेंट नदीच्या तोंडाशी वारा मेला.
तेव्हा कुठे मला वर बोलावलं.
काम? वजन.
बोट थोडी कलती राहावी म्हणून
बावीस जण एका कडेला, मांडीला मांडी,
खोकायचं नाही, बाटलीचं झाकणसुद्धा उघडायचं नाही.
फालेओलोचा खांदा म्हणजे कोठाराचा दरवाजा,
मी त्याला टेकले.
सगळ्यांनी मिळून काही न करणं
इतकं दमवतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
समोर डोंगर, पायथ्याशी होबार्टचे दिवे विझत चाललेले.
एक झुळूक आली, इतकी लहान
की इंग्वेच्या मिशीला कळली, शिडाला नाही.
कुणी हललं नाही.
मग शिडालाही कळली.

सातवे आलो की आठवे, यावर अजून वाद आहे.

मावशीनं फोनवर विचारलं, लोकर पुरली का गं?
म्हटलं, पुरली. उरलीसुद्धा.
"किती?"
कानामागचा तुकडा काढला,
बोटाला गुंडाळून पाहिला.
दीड वेढा.